प्रयोग फसला तरी फुकट जाऊ नये म्हणून या चुका टाळा

चकलीचा घाणा तेलात विरघळला की घरगुती फराळ विकणारी बाई काय करते? पुढच्या खेपेला मोहन कमी घालते, भाजणी दुसऱ्या दुकानातून आणते, पीठ जास्त गरम पाण्यात भिजवते, आचही वाढवते. चकली जमते. पण कशामुळे जमली, हे तिला सांगता येत नाही. महिन्याभराने पुन्हा बिघडली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. छोट्या धंद्यातले प्रयोग वाया जाण्याचं सगळ्यात मोठं कारण मला हेच दिसतं: एका वेळी चार गोष्टी बदलणं.

त्यापेक्षा पाव किलो भाजणी घ्या, बाकी सगळं होतं तसं ठेवा आणि फक्त मोहन बदला. जास्त झालं तर चकली तेलात सुटते, कमी पडलं तर दाताला कडक लागते. एकच गोष्ट हलवली तरच हा फरक हाताला कळतो. भाव आणि पाकिटालाही हाच नियम. दर वाढवला त्याच आठवड्यात पाकीटही बदललं, तर गिऱ्हाईक कशाने तुटलं ते कोण सांगणार?

अंदाज आधी न लिहिणं

निकाल लागला की आपण सगळेच म्हणतो, ‘मला वाटलंच होतं.’ खरं काय वाटलं होतं ते तोवर आठवेनासं झालेलं असतं. म्हणून वहीत आधीच लिहा: ‘नाचणीची चकली, वीस पाकिटं. दोन आठवड्यांत पंधरा खपतील. निम्मी उरली तर बंद.’ यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. थांबायचं कधी हे आधी ठरलेलं नसेल, तर ‘अजून थोडं बघू’ म्हणत माणूस पैसे ओतत राहतो.

कारणाआधी माणूस शोधणं

10 ऑगस्ट 1979 रोजी उपग्रह सोडणाऱ्या एसएलव्ही-3 रॉकेटचं पहिलं उड्डाण फसलं आणि यान बंगालच्या उपसागरात कोसळलं. प्रकल्पाचे प्रमुख अब्दुल कलाम होते, पण पत्रकारांसमोर इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन स्वतः गेले आणि जबाबदारी त्यांनी आपल्यावर घेतली. 18 जुलै 1980 रोजी त्याच प्रकारच्या रॉकेटने रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला. वरिष्ठ असे पाठीशी उभे राहिले की खालचा माणूस चूक लपवत नाही. कामगारावर डाफरणाऱ्या मालकाला मात्र पीठ का बिघडलं ते शेवटपर्यंत कळत नाही.

7 सप्टेंबर 2019 रोजी चांद्रयान-2 चं विक्रम लँडर चंद्रावर आदळलं, तेव्हाही इस्रोने कारणं खणून काढली. इंजिनांचा जोर अपेक्षेपेक्षा जास्त होता आणि उतरायची जागा जेमतेम 500 मीटर बाय 500 मीटर होती. चांद्रयान-3 ची आखणी करताना प्रश्नच फिरवला: काय काय बिघडू शकतं, आणि ते बिघडलं तरी उतरता कसं येईल? पाय मजबूत केले, इंधन वाढवलं, उतरण्याची जागा 4 किलोमीटर बाय 2.4 किलोमीटर घेतली. 23 ऑगस्ट 2023 रोजी यान उतरलं.

पहिल्याच फेरीत मोठा डाव

कर्ज काढून चकलीचं मशीन घेण्याआधी महिनाभर हातातल्या सोऱ्यावर ऑर्डरी पुऱ्या करून बघा. दिवाळीच्या खपावरून वर्षाचा अंदाज बांधू नका. आणि मावशी-आत्यांच्या कौतुकाला विक्री समजू नका. अनोळखी माणूस पैसे देऊन दुसऱ्यांदा मागायला येतो का, ते पाहा.

स्वतःच्या बाबतीत

1 जानेवारीला पहाटे उठणं, चालणं, साखर बंद आणि मोबाइल कमी हे सगळं एकदम सुरू होतं. आठवड्यात गाडं अडतं आणि माणूस म्हणतो, ‘माझ्यात जिद्दच नाही.’ हा निष्कर्ष फार क्रूर आहे, आणि चुकीचाही. फसली ती आखणी. दोन आठवडे फक्त मोबाइल रात्री दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. गजरासाठी तो परत उशाशी येत असेल, तर अडचण तिथे आहे. साधं गजराचं घड्याळ आणा आणि पुन्हा करून बघा.

काही गोष्टी मात्र प्रयोगात ओढूच नका. मुलांच्या फीचे पैसे आणि अडीअडचणीसाठी ठेवलेली रक्कम धंद्यात घालू नका. रक्तदाबाची गोळी ‘चार दिवस बंद करून बघतो’ असं तर अजिबात नको. डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिला हात लावू नका.