घरातील सांडपाण्याची पाइपलाइन: आधी उतार, मग पाइप

सांडपाण्याचे काम बहुतेक घरांत न्हाणीघरापासून सुरू होते आणि रस्त्यापर्यंत कसेबसे नेऊन सोडले जाते. आखणी याच्या नेमकी उलट हवी. ज्या गडर लाइनला (रस्त्याखालच्या सांडपाण्याच्या मुख्य पाइपाला) जोड द्यायचा आहे तिच्या चेंबरमधील पाइपचा तळ किती खोल आहे हे चेंबरमध्ये न उतरता, वरूनच काठीने मोजून घ्यावे; तेथून मागे येत येत संडासाची आणि शेवटी जोत्याची उंची ठरवावी. नागपुरात सिमेंटचे रस्ते झाल्यापासून अनेक जुनी घरे रस्त्याच्या पातळीखाली गेली आहेत, त्यामुळे हे मोजमाप जोते भरण्यापूर्वीच झाले पाहिजे.

110 मिलिमीटरच्या पाइपाला 40 ते 60 सेंटिमीटर लांबीमागे 1 सेंटिमीटर उतार द्यावा. म्हणजे संडासापासून गडरच्या चेंबरपर्यंत 12 मीटर अंतर असेल, तर पाइपचा तळ एकूण 20 ते 30 सेंटिमीटर खाली उतरला पाहिजे. उतार कमी पडला की मैला साचतो, हे सर्वांना ठाऊक असते; पण फार तीव्र उतारावरही पाणी पुढे पळते आणि मैला मागे राहतो, याकडे सहसा दुर्लक्ष होते. उतार नजरेने ठरवू देऊ नये. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही टोकांची पातळी घ्यावी आणि दोरी ताणूनच चर खोदावा.

मैल्यासाठी आयएस 13592 या भारतीय मानकाने प्रमाणित, टाइप बी प्रतीचा पाइप घ्यावा. 110 मिलिमीटरमध्ये त्याची जाडी किमान 3.2 मिलिमीटर असते. टाइप ए पातळ असतो आणि तो पावसाच्या पाण्यासाठी व हवेच्या पाइपासाठी ठीक आहे. दुकानात दोन्ही शेजारी ठेवलेले असतात व दिसायला सारखेच असतात, म्हणून पाइपावरील छापील अक्षरे स्वतः वाचावीत.

काळ्या मातीत विशेष काळजी घ्यावी लागते. ही माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते आणि पाइपाला वरखाली ढकलते. म्हणून चर जास्त खोदून तळाशी सुमारे 10 सेंटिमीटर रेती दाबून घ्यावी, पाइप बसवल्यावर बाजूंनी व वरूनही रेती भरावी आणि निघालेली काळी माती पाइपालगत पुन्हा टाकू नये. भिंतीतून जाताना पाइप सिमेंटमध्ये घट्ट चिणू नये. भोवती मोकळी जागा ठेवावी. उघड्यावरच्या पाइपाचे तापमान 30 अंशांनी वाढले, तर 3 मीटरचा पाइप सुमारे 6 मिलिमीटर लांबतो. त्यासाठी रबर रिंगच्या जोडात पाइप पूर्ण आत ढकलून सुमारे 10 मिलिमीटर मागे ओढावा. मिस्त्री घाईत हेच विसरतात.

वळणावर 90 अंशांचा एक एल्बो लावण्याऐवजी 45 अंशांचे दोन बेंड वापरावेत आणि जमिनीखालील प्रत्येक वळणावर चेंबर बांधावा. स्वयंपाकघर व न्हाणीचे पाणी गली ट्रॅपमधूनच, म्हणजे तळाशी पाणी साठवून दुर्गंधी अडवणाऱ्या वाकड्या भागातूनच, चेंबरात सोडावे. पावसाचे पाणी गडरमध्ये मुळीच सोडू नये. उभा पाइप गच्चीच्या वर नेऊन त्यावर काउल (जाळीची टोपी) लावावा. गच्चीवर माणसांचा वावर असेल तर त्याची उंची सुमारे 2 मीटर ठेवावी. ही हवेची वाट नसेल, तर वरच्या मजल्यावर फ्लश केल्यावर खालच्या ट्रॅपमधील दुर्गंधी अडवणारे 50 मिलिमीटर खोलीचे पाणी ओढले जाते आणि घरात दुर्गंधी येते.

सप्टेंबर 2023 मध्ये नागपुरातील अंबाझरी तलाव ओसंडल्यावर नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. सखल भागात घर असेल, तर बाहेरच्या शेवटच्या चेंबरात नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (गडरचे पाणी उलट घरात येऊ न देणारी झडप) बसवावा आणि तो पावसाळ्यापूर्वी उघडून साफ करावा. त्यात केस किंवा चिंधी अडकली तर तो बंदच होत नाही.

चर बुजवण्यापूर्वी खालचे टोक बंद करून पाइप पाण्याने भरावा व तासभर प्रत्येक जोड कोरड्या हाताने चाचपून पाहावा. पाणी काढल्यानंतर एका टोकाला दिवा व दुसऱ्या टोकाला आरसा धरावा; आरशात पूर्ण गोल दिसला तर पाइप सरळ आहे, अर्धचंद्र दिसला तर मधे कोठेतरी तो खचला आहे. तेवढा भाग उघडाच असताना पुन्हा बसवून घ्यावा.