ऐतिहासिक पोशाखांच्या नृत्यसंध्येसाठी काळ आधी ठरवा

घरीच शिकणाऱ्या किशोरवयीन मुलांसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी ऐतिहासिक पोशाखांची नृत्यसंध्या आखताना ‘जुना काळ’ एवढेच न सांगता नेमका कालखंड ठरवावा, कारण कपडे, संगीत आणि जागेची गरज त्यावरच अवलंबून असते. पहिल्याच प्रयत्नासाठी इंग्लंडचा 1811 ते 1820 हा रीजन्सी काळ (राजाच्या वतीने युवराज कारभार पाहत होता तो काळ) मला सर्वांत सोयीचा वाटतो. छातीच्या लगेच खाली फीत बांधलेला साधा, लांब सुती झगा मुलींना पुरतो; मुलांना जाकीट आणि गळ्याभोवती दोन वेढे देऊन समोर गाठ मारलेली पांढरी पट्टी शोभून दिसते. याउलट 1856 नंतर रूढ झालेला पोलादी कड्यांचा घेरदार झगा दिसायला देखणा असला, तरी दारातून जातानाच अडतो. रीजन्सी काळचे समोरासमोर दोन रांगांचे नृत्य निवडल्यास जोड्या रांगेत पुढे सरकत राहतात, त्यामुळे बुजरी मुले आणि पालकही सहज मिसळतात. झग्याचा काठ घोट्याच्या वर ठेवावा, रंगीत तालीम त्याच कपड्यांत आणि त्याच पादत्राणांत घ्यावी, आणि मेणबत्त्यांऐवजी बॅटरीचे दिवे लावावेत.