चिंचलीचा भंडारा, गोकाकचं पाणी आणि लेन्सपुढची काच: या चुका टाळा

नवीन लेन्स घेतली की दुकानदार सोबत एक यूव्ही फिल्टर बसवून देतो, आणि ती काच पुढे वर्षानुवर्षं लेन्सवरून उतरत नाही. लेन्समध्ये जाणारा प्रकाश कमी करणाऱ्या काळ्या काचेचं, म्हणजे एनडी फिल्टरचं, वेगळंच. पाऊस लागला, गोकाकच्या धबधब्याला जायचं ठरलं की तो घाईघाईत मागवला जातो, तोही सगळ्यात काळा. दोन्ही वेळा काच आधी घरात येते आणि तिचं काम नंतर शोधलं जातं. खरं तर लेन्स कशापासून वाचवायची आहे किंवा शटर किती वेळ उघडं ठेवायचं आहे, हे आधी ठरवायला हवं. ते ठरलं की कोणता फिल्टर घ्यायचा हा प्रश्नच उरत नाही.

'यूव्ही' या नावासाठी जास्त पैसे देणं

फिल्मला अतिनील किरण जाणवायचे आणि लांबचे डोंगर निळसर धुरकट यायचे, त्या काळात यूव्ही फिल्टरला काम होतं. डिजिटल कॅमेऱ्यात सेन्सरच्या पुढेच ते किरण अडवणारी काच असते. त्यामुळे यूव्ही आणि साधा प्रोटेक्टर, म्हणजे नुसती संरक्षक काच, यांत आज तुमच्या फोटोपुरता फरक नाही. चोर्ला घाटातलं धुकट वातावरण यूव्हीने साफ होईल, या आशेवर पैसे घालू नका.

पैसे घालायचे ते कोटिंगवर, म्हणजे काचेवरून परतणारा प्रकाश कमी करणाऱ्या थरावर. कोटिंग नसलेल्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परतवतो, म्हणजे दोन्ही बाजू मिळून जवळपास ८ टक्के. दुकानातच तपासा: फिल्टर ट्यूबलाइटखाली तिरका धरा. नळीचं प्रतिबिंब पांढरं, लख्ख दिसलं तर ती काच परत करा. चांगल्या मल्टिकोटेड काचेत ते मंद हिरवट किंवा जांभळट दिसतं.

प्रोटेक्टर कायम चढवून ठेवणं, किंवा नको तिथे काढणं

रायबाग तालुक्यातल्या चिंचलीला मायाक्काच्या जत्रेत भंडारा उधळला जातो, तेव्हा प्रोटेक्टर हवाच. ती पूड अतिशय बारीक असते आणि पुढच्या काचेच्या कडेला जाऊन बसते. अशा वेळी शर्टाच्या टोकाने किंवा ओल्या रुमालाने पुसणं ही मोठी चूक. ओली हळद पसरते आणि तिच्यातले कण काचेवर घासले जातात. आधी ब्लोअरने झटका, मग मऊ ब्रश, आणि शेवटी स्वच्छ मायक्रोफायबर. लाल मातीच्या आखाड्याजवळ बसून कुस्तीचे फोटो काढताना हेच करावं. जांबोटी-कणकुंबीच्या पावसातही काच लावाच. कॅननच्या काही महागड्या लेन्स तर पुढे फिल्टर बसवल्यावरच पाण्या-धुळीपासून पूर्ण बंद होतात, हे कंपनी स्वतःच सांगते.

पण लेन्स पडली तर फिल्टर वाचवेल, या भरवशावर राहू नका. पातळ काच फुटते आणि तिचेच तुकडे लेन्सवर ओरखडे काढू शकतात. धक्क्यासाठी हूड, म्हणजे लेन्सच्या पुढे बसणारं कडं, लावा. दिवसा, रात्री, ऊन-पावसात हूड लावून ठेवण्याची सवय माझ्या मते कुठल्याही फिल्टरपेक्षा जास्त उपयोगाची आहे.

रात्री मात्र प्रोटेक्टर काढून ठेवा. बेळगावच्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक घ्या, नाहीतर कपिलेश्वर तलावावरचं गणेश विसर्जन. काळोखात झगमगणारे दिवे, आणि फोटोत त्यांच्या बरोबर समोरच्या कोपऱ्यात हिरवे, उलटे ठिपके. लेन्स खराब झाली म्हणून लोक ती दुरुस्तीला घेऊन जातात. सेन्सरवरून परतलेला प्रकाश सपाट फिल्टरवर आदळून पुन्हा आत येतो, एवढंच घडलेलं असतं. फिल्टर उतरवून तोच फोटो पुन्हा काढा. ठिपके गेले तर दोष काचेचा.

मापाची गफलत

५० मिमीची लेन्स म्हणजे ५० मिमीचा फिल्टर नव्हे. तो आकडा फोकल लेंग्थचा. फिल्टरचं माप लेन्सच्या पुढच्या कडेवर, तिरप्या रेघेच्या गोलाशेजारी लिहिलेलं असतं: ४९, ५८, ६७, ७७ असं काहीतरी. दोन-तीन लेन्स असतील तर एनडी सगळ्यात मोठ्या मापाचा घ्या आणि लहान लेन्सना स्टेप-अप रिंग, म्हणजे मोठा फिल्टर बसवणारी जोडरिंग, लावा. उलट केलं, म्हणजे मोठ्या लेन्सवर लहान फिल्टर बसवला, तर कोपरे काळे होतात. स्टेप-अप रिंग लावल्यावर लेन्सचा मूळ हूड बहुधा बसत नाही, ते गृहीत धरा.

गोकाकला दहा स्टॉपचा एनडी

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात, म्हणून जरा सविस्तर बघू.

घटप्रभेचं पाणी गोकाकला सुमारे १७१ फुटांवरून कोसळतं, आणि पावसाळ्यात ते गढूळ, तांबूस असतं. समजा ढगाळ दुपार आहे, आयएसओ १००, ॲपर्चर एफ ११, आणि शटर १/३० सेकंद येतंय. पाण्याचे धागे दिसावेत आणि प्रवाहाचा जोरही राहावा, तर १/४ सेकंदाच्या आसपास शटर हवं. १/३० वरून १/१५, १/८, १/४: दर वेळी वेळ दुप्पट, म्हणजे एक स्टॉप; असे तीन स्टॉप. त्याला प्रकाश आठपट कमी करणारा एनडी ८ पुरतो. तिथे दहा स्टॉपचा एनडी १००० लावला तर शटर ३४ सेकंदांवर जातं. बहुतेक कॅमेऱ्यांची मर्यादा ३० सेकंदांची, म्हणजे शटर आपणच उघडं धरून ठेवायचा बल्ब मोड आला. शिवाय एवढ्या वेळात गढूळ पाण्याचा सगळा पोत निघून जातो आणि नुसता तपकिरी पडदा उरतो. माझ्या मते गोकाकच्या पाण्याचा जीव त्याच्या आदळण्यात आहे, तो गुळगुळीत करून टाकू नये.

जांबोटीच्या जंगलातल्या ओढ्यांवर तर कित्येकदा पोलरायझरच पुरतो. तो दीड-दोन स्टॉप प्रकाश खातो आणि ओल्या खडकांवरची, पानांवरची चकाकीही काढतो. जंगलात प्रकाश मुळातच कमी असतो.

एनडी १००० चं काम वेगळं. हिडकल धरणाचं शांत पाणी, वर सरकणारे ढग, स्वच्छ उजेड. तिथे १/१२५ चं शटर ८ सेकंदांवर येतं, आणि ते शोभतं. फिल्टर नाही म्हणून ॲपर्चर एफ २२ करण्याची पळवाट मात्र टाळा. विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सगळा फोटोच मऊ पडतो.

नावांचाही घोळ आहे. एनडी ८, ०.९ आणि काही कंपन्यांचा १०३ हे तिन्ही एकच, तीन स्टॉप. तसंच एनडी ६४, १.८, १०६ म्हणजे सहा स्टॉप, आणि एनडी १०००, ३.०, ११० म्हणजे दहा. पेटीवरचा मोठा आकडा बघून घेऊ नका, स्टॉप विचारा. एकच एनडी घ्यायचा असेल तर मी सहा स्टॉपचा सुचवेन. पोलरायझर सोबत असेल तर आपल्याकडची बहुतेक कामं या दोघांत भागतात.

फोटो मऊ, रंग तांबडट, मध्येच पट्टा

गडद एनडी चढवल्यावर ऑटोफोकस चाचपडतो. म्हणून आधी फोकस करा, मग तो मॅन्युअलवर टाका आणि त्यानंतर हलक्या हाताने फिल्टर लावा. तरीही फोटो हललेला येत असेल तर ट्रायपॉड कुठे उभा आहे ते बघा. गोकाकच्या झुलत्या पुलासारख्या जागी ट्रायपॉडचा काही उपयोग नाही, माणूस चालला की पाया हलतो. घट्ट खडकावर या, आणि तुषार उडत असतील तर दर फोटोनंतर काच पुसा.

डीएसएलआरवर लांब एक्स्पोजरमध्ये धूसर पट्टा किंवा डाग आला तर तो व्ह्यूफाइंडरमधून मागून शिरलेला प्रकाश असतो. तिथे झाकण लावा, नाहीतर काळा कपडा धरा.

स्वस्त गडद एनडी अवरक्त किरण पुरेसे अडवत नाही, त्यामुळे फोटोवर तांबूस छटा येते. गोकाकला पाणीच तांबूस, त्यामुळे ही छटा चटकन लक्षात येत नाही. करड्या खडकाकडे बघून ठरवा. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, काढा आणि फिल्टर चढवल्यावर व्हाइट बॅलन्स पुन्हा लावा.

व्हेरिएबल एनडीवर फार विश्वास

व्हेरिएबल एनडी फिरवून कमी-जास्त गडद करता येतो; प्री-वेडिंग आणि लग्नाचं व्हिडिओ काम करणाऱ्यांना तो सोयीचा आहे, हे खरं. सेकंदाला २५ फ्रेमला शटर १/५० हवं. कडक उन्हात, आयएसओ १०० वर एफ २.८ ठेवायचं तर साधारण सहा स्टॉप कमी करावे लागतात. कॅमेरा लॉगमध्ये (रंग नंतर सुधारता यावेत म्हणून फिकट चित्र घेणाऱ्या व्हिडिओ प्रोफाइलमध्ये) आयएसओ ८०० च्या खाली जात नसेल तर आणखी तीन. पण व्हेरिएबल एनडी म्हणजे एकावर एक फिरणारे दोन पोलरायझर. राजहंसगडावर वाइड लेन्स लावून तो टोकापर्यंत फिरवलात तर आभाळात काळी फुली उमटते आणि निळा रंग कुठे गडद, कुठे फिका होतो. शेवटचा स्टॉप-दीड स्टॉप वापरूच नका. वाइडसाठी ठरावीक एनडी घ्या.

आणि एनडी १००० लावून डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधून सूर्याकडे बघू नका, ग्रहणातही नाही. त्यासाठी लाखपट प्रकाश कमी करणारा खास सौर फिल्टर असतो.

अडकलेला फिल्टर

एकावर एक फिल्टर चढवले की कोपरे काळे होतात आणि आटे धरून बसतात. पितळी रिंग ॲल्युमिनियमपेक्षा कमी अडकते. अडकलाच तर बोटांनी कडेला आवळू नका. दाबाने रिंग लंबगोल होते आणि जास्तच घट्ट बसते. कडेभोवती रुंद रबरबँड गुंडाळा किंवा स्वयंपाकघरातला रबरी हातमोजा घाला, हात सैल ठेवून सगळीकडून सारखं धरा आणि फिरवा. नाही निघाला तर लेन्स उपडी करून रबरी चटईवर सरळ टेकवा आणि हलकेच फिरवा. पक्कडीला हात लावायची वेळ आली असं वाटलं की तिथेच थांबा आणि लेन्स दुरुस्तीवाल्याकडे न्या.