खाडीच्या पाण्यातून एकच पेशी वेगळी करताय? या चुका टाळा

रत्नागिरीकडे कोळंबीच्या हॅचरीत लार्वांना स्केलेटोनेमा, किटोसेरोस असे डायटम (एकपेशीय सूक्ष्म शेवाळं) जिवंत खाद्य म्हणून लागतात, आणि शुद्ध कल्चर हवं तर ते एकाच पेशीपासून वाढवायला लागतं. दुसऱ्या दिवशी पेशी मेलेली दिसली की सगळे मीडियमला (पेशी वाढवायच्या पोषक पाण्याला) दोष देतात, पण आधी खारटपणा तपासा.

पावसात भाट्याच्या खाडीचं पाणी ओहोटीला घेतलंत तर ते बरंच गोडं असतं, आणि आपलं एफ बाय टू मीडियम असतं 35 पीपीटीच्या (हजार भागांत 35 भाग मीठ) समुद्राच्या पाण्यातलं, मग पेशी एकदम त्यात टाकली की तिला झटका बसणारच. सॅम्पल आणल्या आणल्या रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायच्या उपकरणावर) बघा, मीडियम तेवढ्यावर आणा, वाढवायचं ते नंतर हळूहळू. आणि मायक्रोस्कोपखाली छोटासा थेंब ठेवून शोधत बसलात तर दिव्याच्या गरमीने पाणी उडतं आणि त्या थेंबातच मीठ वाढतं, हे कोणाच्या लक्षातच येत नाही.

पेशी उचलायला पाश्चर पिपेटची (काचेच्या नळीची) काच ज्योतीत मऊ करायची पण टोक बारीक करायला ओढायची ती ज्योतीबाहेर काढून. टोक पाण्याला लागलं की पाणी आपोआप आत चढतं, हव्या त्या पेशीसोबत आजूबाजूचे नको ते जीवही, म्हणून आधीच पिपेटमधे थोडं निर्जंतुक मीडियम घेऊन ठेवा. मग पेशी स्वच्छ मीडियमच्या थेंबात सोडा, बघा, नवीन पिपेटने पुढच्या थेंबात न्या, ती एकटी दिसेपर्यंत. हे धुणं प्लीज कंटाळा करून गाळू नका, एक सिलिएट (शेवाळ खाणारा सूक्ष्म जीव) राहिला तरी सगळं कल्चर खाऊन टाकतो.

ही कटकट नको म्हणून बरेच जण डायल्युशन करतात, म्हणजे सॅम्पल पातळ करून 96 वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमधे वाटतात, दर वेलला सरासरी एक पेशी धरून. पॉयसनच्या (संभाव्यतेच्या) हिशोबाने तेव्हा साधारण 37 टक्के वेल रिकामे जातात, 37 टक्क्यांत एक पेशी पडते आणि उरलेल्या 26 टक्क्यांत दोन किंवा जास्त, म्हणजे वाढ दिसलेल्या दर पाचातले दोन वेल भेसळीचे! सरासरी 0.3 धरा. रिकामे खूप निघतील, पण वाढतील त्यातले 86 टक्के तरी एकाच पेशीचे असतील.

सिलिकेट विसरू नका, डायटमचं कवचच त्याचं असतं. सुरुवातीला उजेड मंद ठेवा.

आणि घाई नको. दिवसाला एकदा विभागणारी पेशी दहा लाखांवर जायला 20 दिवस घेते, त्यामुळे पाचव्या दिवशी वेल कोरा दिसला म्हणून प्लेट सिंकमधे ओतू नका, कडेने पॅराफिल्म (ताणली जाणारी मेणाची पट्टी) लावा आणि इन्व्हर्टेड (खालून बघणाऱ्या) मायक्रोस्कोपवर एकेक वेल बघत राहा.