कागदावरची युद्धनौका आधी काट्यावर चढवा

कथेसाठी रचलेली माझी पहिली काल्पनिक युद्धनौका 'वज्रकाया' दिसायला जबरदस्त होती. सहा टरेट (तोफांचे फिरते चिलखती बुरूज), चार धुराडी, वेग 25 नॉट, म्हणजे तासाला 25 सागरी मैल. हौसेनं शाई फिरवली, मग वजन मांडलं, तर बाईसाहेब पाण्यात उतरताक्षणी तळाला! तेव्हापासून आधी आकडेमोड, मग पेन्सिल.

सुरुवात सालापासून करा. 1860च्या ब्रिटिश युद्धनौका 'वॉरियर'ला साडेचार इंच लोखंड आणि त्यामागे 18 इंच सागवान होतं. 1906च्या 'ड्रेडनॉट'ला 11 इंच कठीण पोलाद. या दोन काळांची भेळ केली की जाणकार वाचक पहिल्या पानावरच हसतो. मी 1895च्या आसपास रमतो.

आता विस्थापन, म्हणजे नौका बाजूला सारते त्या पाण्याचं वजन; तरंगणाऱ्या नौकेचं एकूण वजन तेवढंच असतं. लांबी 110 मीटर, रुंदी 22, पाण्याखालची खोली 8. हा गुणाकार 0.62नं गुणा, कारण नौका म्हणजे खोका नव्हे, टोकं निमुळती असतात. समुद्राच्या पाण्यासाठी 1.025नं गुणलं की साधारण 12,300 टन. तुमचं सगळं बजेट एवढंच. नुसता सांगाडाच त्यातला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त खातो. चिलखताचा पट्टा 80 मीटर लांब, अडीच मीटर उंच, 25 सेंटिमीटर जाड धरला तर दोन्ही बाजू मिळून 785 टन. डेक आणि टरेटचं चिलखत वेगळंच.

वेगाचा मोह आवरा. वेग वाढतो तशी लागणारी शक्ती ढोबळमानानं त्याच्या घनाच्या प्रमाणात वाढते. 18 नॉटना 12,000 अश्वशक्ती लागत असेल तर 25 नॉटना 32,000, आणि प्रत्यक्षात लाटांच्या विरोधामुळे त्याहूनही जास्त. त्या काळच्या इंजिन-बॉयलरचं वजन दर दहा अश्वशक्तीला एक टन धरा, म्हणजे माझी नौका का बुडाली ते कळेल.

कोळशाचा हिशोब मला सगळ्यात आवडतो, कारण कथानक तिथेच सापडतं. तासाला दर अश्वशक्तीमागे एक किलो धरा. 18 नॉटच्या पूर्ण वेगात तासाला 12 टन जातात. 800 टनांत जेमतेम 1,200 सागरी मैल. 10 नॉटनी गेलात तर 4,000च्या आसपास. म्हणजे पाठलाग करावा की बंदर गाठावं, हा कप्तानाचा खराखुरा पेच झाला! शिवाय कोळसा ठासून भरला की नौका खोल बसते आणि पट्टा पाण्याखाली जातो, हे विसरू नका.

तोल मात्र जिवावर बेततो. 'कॅप्टन' नावाच्या ब्रिटिश युद्धनौकेवर जड टरेट होते, वर पूर्ण शिडं होती, बांधताना वजन वाढलं आणि पाण्यावरची बाजू ठरल्यापेक्षा खाली बसली. 7 सप्टेंबर 1870च्या वादळात ती कलंडली. रचनाकार कोल्सही तिच्यावरच होते, तेही गेले. त्याच ताफ्यातली उंच बाजूंची 'मोनार्क' तरली. म्हणून वर टरेट वाढवायचा असेल तर रुंदी वाढवा, नाहीतर खालचं काहीतरी नव्हे, वरचंच काहीतरी काढा.

चित्र काढताना धुराडी बॉयलरच्या वर येतात का, तेवढं पाहा. निरीक्षणाचा मनोरा धुराड्याच्या मागे ठेवू नका. 'ड्रेडनॉट'वर नेमकं तेच झालं, आणि वर बसलेल्यांना धूर आणि उष्णता सोसावी लागली.

'वज्रकाया'ला आता दोन टरेट आणि दोन धुराडी आहेत. वेग 18 नॉट. देखणेपणा थोडा गेला, पण तरंगते.