ह्यूमच्या पेपरात पंधरापैकी चार

बी.कॉम. करून एम.ए.ला तत्त्वज्ञान घेतलं, तेव्हा घरचा पहिला प्रश्न होता, "याचं पुढे करायचं काय?" त्यावर मी अजूनही विषय बदलतो.

सत्ताशास्त्र (जगात काय आहे), ज्ञानमीमांसा (ते आपल्याला कळतं कसं), तर्कशास्त्र, नीतिशास्त्र, सौंदर्यशास्त्र. तत्त्वज्ञान शिकायला निघाला असाल, तर त्याच्या शाखांची ही यादी तुम्हाला पाठ असणारच. घोळ पुढे आहे.

पहिल्याच अंतर्गत परीक्षेत अठराव्या शतकातल्या डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाचा कार्यकारणभाव आला. मी खूश. चार पानं भरली आणि शेवटी ठोकून दिलं, 'म्हणून ह्यूमच्या मते जगात कार्यकारणसंबंधच नाही.' पंधरापैकी चार मार्क. समासात सरांनी एवढंच खरडलेलं: 'त्याने हे विचारलंय का?' सरांचं माझ्याशी वाकडं आहे, असं मी पुढचे सहा महिने धरून चाललो.

ह्यूमचं उदाहरण बिलियर्डचं. ते मी सिनेमातच पाहिलेलं, म्हणून कॅरम घेतो. स्ट्रायकर सोंगटीला लागतो, सोंगटी सरकते. एक घटना आधी, एक नंतर, दोन्ही भिडलेल्या, आणि दर वेळी असंच. डोळ्यांना दिसतं ते एवढंच. 'सोंगटी सरकायलाच हवी' यातला 'च' कुठे दिसला? तो आपल्या मनाच्या सवयीतून येतो, असं ह्यूम म्हणतो. म्हणजे कारण आहे की नाही, हा त्याचा प्रश्नच नव्हता. त्या 'च'ची कल्पना आपल्याला मिळाली कुठून, हा होता. पहिला प्रश्न सत्ताशास्त्राचा, दुसरा ज्ञानमीमांसेचा, आणि मी दुसऱ्यावर पहिल्याचं उत्तर चिकटवलं. ही चूक इतकी जुनी आहे, की १७५४ सालच्या एका पत्रात खुद्द ह्यूमला खुलासा करावा लागला: कारणाशिवाय काही घडू शकतं, असं मी कधीच म्हटलेलं नाही.

मग चार्वाक, म्हणजे डोळ्यांना दिसेल तेवढंच खरं मानणारं प्राचीन भारतीय दर्शन, आणि मी पुन्हा त्याच खड्ड्यात. डोंगरावर धूर दिसतो म्हणून तिथे आग आहे, हे नैयायिकांचं, म्हणजे न्यायदर्शनवाल्यांचं, अनुमान. चार्वाक विचारतो, जिथे धूर तिथे आग हे ठरवायला मागचे-पुढचे सगळे धूर पाहिले कोणी? मी लगेच लिहिलं, 'चार्वाक म्हणजे भारतीय ह्यूम.' असली झकास वाक्यं गाइडांत मिळतात. पण चार्वाक अनुमानाला प्रमाण, म्हणजे ज्ञानाचं खात्रीचं साधन, मानायलाच तयार नाही. ह्यूमला शोधायचंय, की पक्का आधार नसतानाही आपण अनुमान करत राहतो ते कशाच्या जोरावर.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात गाइड मीही वापरलं, उगाच सोवळं मिरवत नाही. पण सुरुवात तिथून केलीत तर बुडालात. दहा मिनिटांत कांट हा जर्मन तत्त्वज्ञ समजावणारे व्हिडिओ तर मला बघवत नाहीत. त्यापेक्षा देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाच्या 'मेडिटेशन्स'मधलं पहिलं 'मेडिटेशन' वाचा, एका बैठकीत होतं. मराठी संज्ञा अडली तर ग्रंथालयात दे. द. वाडेकरांनी संपादलेला तत्त्वज्ञान महाकोश मागा. आणि गुरू शोधत फिरू नका. न कंटाळता भांडणारा एक मित्र पुरतो.

कांट कळला नाही तर घाबरू नका. त्याचं 'क्रिटिक ऑफ प्युअर रीझन' १७८१ साली आलं, लोकांना उमगेना, म्हणून १७८३ साली 'प्रोलेगोमेना' लिहून त्याने तेच सोपं करून सांगितलं. ते सोपं मी तीनदा वाचलंय.

मी आता वहीच्या डाव्या पानावर फक्त प्रश्न लिहितो, एका वाक्यात. तो जमेपर्यंत उजवं पान कोरं. ह्यूमचं डावं पान चारदा खोडून झालंय.