क्वांटम सेन्सिंगमधली पीएचडी: पगार कोण देणार आणि लेसर कोण घेणार?

क्वांटम सेन्सिंग म्हणजे अणू-इलेक्ट्रॉनांच्या क्वांटम गुणांच्या आधारे चुंबकी क्षेत्र, गुरुत्व अशा गोष्टी अतिशय बारकाईने मोजणं. या विषयात पीएचडीला पैसा दोन वाटांनी येतो आणि नवखे विद्यार्थी बहुतेक वेळा एकच वाट मोजतात. एक पैसा पोटापाण्याचा: फेलोशिप, विद्यापीठाची शिष्यवृत्ती किंवा गाईडच्या प्रकल्पातला पगार. दुसरा टेबलावरच्या सामानाचा: लेसर, मायक्रोवेव्ह स्रोत, डिटेक्टर, चुंबकी कवच, व्हॅक्यूम पंप. स्वतःची फेलोशिप खिशात असली तरी लॅबमध्ये लेसर नसेल, तर पहिलं वर्ष नुसतं वाचनात जातं.

वर्तमानपत्रातल्या मोठ्या आकड्यांना भुलू नका. युरोपचा क्वांटम फ्लॅगशिप 2018 साली सुरू झाला, 10 वर्षांसाठी 1 अब्ज युरोंचा. पण अशा कार्यक्रमांचा पैसा आधी संस्थांकडे जातो आणि विद्यार्थ्यापर्यंत एखाद्या गटाच्या प्रकल्पामार्फत पोचतो. त्यामुळे प्रकल्प शोधा. युरोपसाठी 'कॉर्डिस', ब्रिटनसाठी 'गेटवे टू रिसर्च' आणि अमेरिकेच्या एनएसएफची (राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानची) अवॉर्ड-यादी, ही अनुदान मिळालेल्या प्रकल्पांची संकेतस्थळं सगळ्यांना खुली आहेत. तिथे प्रकल्प कधी सुरू झाला आणि कधी संपणार ते दिसतं. नुकताच सुरू झालेला प्रकल्प माणसं शोधत असतो. वर्षभरात संपणाऱ्या प्रकल्पाच्या गाईडला पत्र लिहिलंत, तर छान उत्तर येईल, जागा येणार नाही.

मारी क्यूरी डॉक्टरल नेटवर्कमध्ये (युरोपीय संघाच्या पैशावरच्या पीएचडी जागांमध्ये) पगार चांगला असतो, पण एका अटीवर भले भले अडकतात: रुजू होण्याआधीच्या 36 महिन्यांत यजमान देशात 12 महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं चालत नाही. म्हणजे ज्या देशात दोन वर्षं एमएस्सी केली, नेमकी तिथलीच जागा हातची जाते. शिवाय पगार साधारण 36 महिन्यांचा. चौथ्या वर्षाचं काय, हे आधी लेखी विचारून घ्या.

तेवढ्यात हेही विचारा, की यंत्र उभं आहे की उभारायचंय? शीत अणूंचा गुरुत्वमापक (लेसरने थंड केलेल्या अणूंच्या पडण्यावरून गुरुत्व मोजणारं यंत्र) शून्यापासून बांधायचा तर व्हॅक्यूम चेंबर तापवून कोरडा करणं, रुबिडियमसाठी 780 नॅनोमीटरचा लेसर लॉक करणं (म्हणजे त्याची वारंवारता अणूच्या रेषेवर स्थिर धरणं), यात वर्ष-दीड वर्ष सहज जातं. तीन वर्षांच्या पगारात मग मोजमापाला उरतं काय? हिऱ्यातल्या एनव्ही केंद्रांचं (नायट्रोजन अणू आणि शेजारची रिकामी जागा मिळून झालेल्या, चुंबकी क्षेत्र ओळखणाऱ्या दोषांचं) काम सामान्य तापमानाला चालतं, म्हणून तुलनेने लवकर सुरू होतं.

आता प्रस्ताव. बहुतेक प्रस्ताव पडतात ते इथेच. 'अतिसंवेदनशील चुंबकमापक बनवू' हे वाक्य परीक्षकाला काहीच सांगत नाही. संवेदनशीलता टेस्ला (चुंबकी क्षेत्राचं एकक) प्रति वर्गमूळ हर्ट्झमध्ये लिहा आणि सोबत बँडविड्थ (किती वेगाने बदलणारा सिग्नल पकडता येतो), सेन्सरचं आकारमान आणि तो चुंबकी कवचात चालणार की उघड्यावर, हेही लिहा. मग प्रतिस्पर्धी नाव घेऊन सांगा. तुमचं लक्ष्य 1 नॅनोटेस्ला असेल, तर बाजारातला साधा फ्लक्सगेट (गाभा आणि तारेच्या वेटोळ्यांचा चुंबकमापक) त्याहून सरस आहे; स्क्विड (अतिवाहक चुंबकमापक) तर फेम्टोटेस्लापर्यंत जातो, फक्त त्याला अतिथंड ठेवावं लागतं. तेव्हा तुमचं बलस्थान दुसरीकडे हवं: नॅनोमीटरभर अंतरावरून मोजणं, किंवा जिवंत पेशीजवळ काम करणं.

चुकांचा हिशेबही हवाच. एनव्हीची 2.87 गिगाहर्ट्झची रेषा (ज्या मायक्रोवेव्ह वारंवारतेला ते प्रतिसाद देतं ती) तापमानाने दर केल्व्हिनला सुमारे 74 किलोहर्ट्झ सरकते. चुंबकी क्षेत्राने तिच्या दोन रेषा होतात आणि त्या दर मायक्रोटेस्लाला 28 किलोहर्ट्झ, पण विरुद्ध दिशांना सरकतात. म्हणजे एकच रेषा पाहणाऱ्याला 1 केल्व्हिनचा फरक 2.6 मायक्रोटेस्लाचा सिग्नल वाटेल! दोन्ही रेषा मोजून हे वजा करता येतं, आणि ते प्रस्तावात लिहिणाऱ्याला विषय कळतो हे परीक्षकाला दिसतं. 'जास्त वेळ सरासरी घेऊ' हेही जपून लिहा. पांढरा गोंगाट (सगळ्या वारंवारतांवर सारखा पसरलेला यादृच्छिक गोंगाट) दहापट कमी करायला शंभरपट वेळ लागतो, आणि तोवर लेसर सरकलेला असतो.

संरक्षण खात्याचा पैसा असेल तर सही करण्याआधी दोन गोष्टी पाहा: निष्कर्ष छापायला कोणाची परवानगी लागते आणि परदेशी विद्यार्थ्याला त्या कामावर घेता येतं का. ब्रिटनमध्ये अनेक देशांच्या विद्यार्थ्यांना काही विषयांसाठी व्हिसाआधी 'एटास' ही सरकारी सुरक्षा-मंजुरी लागते. तिच्या अर्जात संशोधनाचं वर्णन द्यावं लागतं, म्हणून ते गाईडकडून वेळेत मागून ठेवा.